वाटेवरचे दगडी क्रूस

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

आज मी आपल्याशी दगडांबद्दल बोलणार आहे. दगड म्हटलं की आपल्याला लेणी आठवतात, किल्ले आठवतात. हे दगड त्या मानानं अगदी साधे आहेत. इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात डेव्हन आणि कॉर्नवॉल असे दोन परगणे आहेत. तिथल्या माळावर, ओढ्याकाठी, शेताच्या बांधाला, तिठ्यावर दगडी क्रूस उभे आहेत. बहुतेक मध्ययुगातले, म्हणजे ढोबळमानानं हजार ते पाचशे वर्षांपूर्वीचे. काहींची उंची दोन पुरुषांइतकी, तर काही जेमतेम कमरेला लागतील एवढे. कुणाचा एक हात तुटलेला, कुणी वाऱ्यानं कललेला. ते कुणी घडवले, त्यांची नावं बहुतेक ठिकाणी कुणालाच ठाऊक नाहीत.

यातले पुष्कळसे डार्टमूर नावाच्या पठारावर आहेत. शेरलॉक होम्सच्या कथा वाचणाऱ्यांना हे नाव परकं नाही. बास्करव्हिल घराण्याच्या मागे लागलेल्या त्या भयंकर शिकारी कुत्र्याची कादंबरी याच माळावर घडते. तिच्यातली माणसं गिळणारी दलदल आर्थर कॉनन डॉइलला तिथल्या फॉक्स टॉर नावाच्या दलदलीवरून सुचली असं म्हणतात. आज डार्टमूर हे राष्ट्रीय उद्यान आहे. 1951 मध्ये त्याला तो दर्जा मिळाला, आणि त्याचं क्षेत्रफळ साडेनऊशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. पण उद्यान म्हटल्यावर झाडंझुडपं डोळ्यांपुढे आणू नका. उंचावरचा बराचसा भाग उघडाबोडका आहे. खुरटं गवत, मधूनच वर आलेले ग्रॅनाइटचे कातळ, मोकळे चरणारे घोडे आणि मेंढ्या. आणि धुकं. सकाळी लख्ख ऊन असावं आणि तासाभरात दहा पावलांपलीकडचं दिसू नये, असा तो माळ आहे.

मी या माळावर पायी हिंडलो तेव्हा नकाशा आणि होकायंत्र जवळ होतं. आठशे वर्षांपूर्वी तिथून जाणाऱ्याजवळ यातलं काहीच नव्हतं. आखलेला रस्ता नव्हता, मैलाचे दगड नव्हते. एका बाजूला दलदल, दुसऱ्या बाजूला पावसानं फुगलेली नदी. अशा वाटसरूला धुक्यातून एखादा उभा दगड दिसला, आणि त्याला दोन हात आहेत असं कळलं, की दोन गोष्टी एकदमच समजत. आपण वाटेवर आहोत. आणि आपल्या आधी इथून माणसं गेली आहेत. त्या काळचा माणूस तिथे थांबून प्रार्थना म्हणे, आणि पुढच्या क्रुसाचा अंदाज घेत चालू लागे. वाट दाखवणं आणि देवाची आठवण देणं ही दोन वेगळी कामं आहेत असं त्याला वाटतच नसे. आपल्याकडे घाटाच्या तोंडाशी देवीचं ठाणं असतं. तिथे हात जोडणारा वाटसरू वाटही विचारून घेतो आणि घाट सुखरूप उतरू दे असं मागणंही मागतो, तसंच हे.

या वाटा कुणाच्या होत्या? काही मठांच्या. डार्टमूरच्या पूर्वेला बकफास्ट इथे साधूंचा मोठा मठ होता, पश्चिमेला टॅव्हिस्टॉक इथे दुसरा. 1278 मध्ये डेव्हनच्या अमिशिया नावाच्या एका उमराव स्त्रीनं बकलंड इथे तिसरा मठ स्थापन केला. मठ म्हणजे केवळ पूजाअर्चा नव्हे. मठांकडे जमिनी होत्या, मेंढ्यांचे मोठमोठे कळप होते, लोकरीचा व्यापार होता. एका मठाचा माणूस दुसऱ्या मठाकडे जायचा तर मधला माळ ओलांडावा लागे. बकफास्टहून पश्चिमेकडे निघालं की एकामागून एक क्रूस लागत जातात. आज ते सगळे जागेवर नाहीत. पण जे आहेत ते नकाशावर मांडून जोडले, तर जुनी वाट आपोआप उमटते. जमिनीवरची वाट पार पुसली गेली आहे, तिची खूण या दगडांत उरली आहे.

पण सगळेच क्रूस वाट दाखवण्यासाठी नव्हते. डार्टमूरवरच्या सगळ्यांत प्रसिद्ध क्रुसाला सिवर्डचा क्रूस म्हणतात. नन्स क्रॉस असंही त्याचं दुसरं नाव आहे. प्रिन्सटाऊन या गावाच्या आग्नेयेला, अगदी मोकळ्या जागी तो उभा आहे. उंची सात फुटांहून थोडी अधिक. याचा उल्लेख 1240 च्या एका दस्तऐवजात सापडतो. त्या वर्षी तिसऱ्या हेन्री राजाच्या हुकमावरून बारा सरदारांनी डार्टमूरच्या शाही शिकारी रानाची हद्द घोड्यावरून फिरून ठरवली, आणि कुठल्या खुणेपासून कुठल्या खुणेपर्यंत ती जाते ते लिहून ठेवलं. त्या यादीत हा क्रूस आहे. म्हणजे 1240 मध्ये तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. पुढे बकलंडचा मठ झाला, तेव्हा त्याच्या जमिनीची हद्दही इथपर्यंत आली. क्रुसाच्या एका बाजूला सिवर्ड हे नाव आणि दुसऱ्या बाजूला बकलंड अशा अर्थाची अक्षरं कोरलेली आहेत.

हद्दीची खूण क्रुसाच्या आकाराची का करायची, असा प्रश्न कुणालाही पडेल. कारण सोपं आहे. साधा दगड रात्रीत चार हात सरकवता येतो. क्रूस सरकवायला माणूस दहा वेळा विचार करील. आपल्याकडे गावाच्या शिवेवर म्हसोबा किंवा वेताळ बसवतात, त्यामागेही असाच काही हिशेब असणार. शेजाऱ्याच्या बांधावर डोळा ठेवणारा माणूससुद्धा देवाच्या दगडाला हात लावायला कचरतो. मध्ययुगात मोजणी खातं नव्हतं, सातबारा नव्हता. जमिनीची कागदपत्रं असली तरी ती वाचता येणारे थोडे. तेव्हा हद्द राखायची ती दगडानं आणि माणसांच्या आठवणीनं.

आठवण राखण्याची एक मजेदार रीतही तिथे होती. वसंतात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी, गावचे लोक धर्मगुरूंना पुढे घालून आपल्या पॅरिशची हद्द फिरत. पॅरिश म्हणजे वसईकडचे लोक ज्याला धर्मग्राम म्हणतात ते. बरोबर लहान मुलं मुद्दाम घेत. हद्दीचा दगड आला की एखाद्या पोराला उचलून त्या दगडावर आपटत, किंवा हलकीशी छडी मारत. हेतू हा की पोराला ती जागा जन्मभर विसरता येऊ नये. साठ वर्षांनी हद्दीचा तंटा निघाला तर म्हातारा झालेला तो पोरगा साक्षीला उभा राहील आणि सांगेल, इथेच, मला पक्कं आठवतंय! काही गावांत ही हद्द फिरण्याची रीत आजही हौसेनं पाळतात. छडी आता माणसाला न मारता दगडावर मारतात.

आता मेलेल्या माणसांच्या वाटेबद्दल सांगतो. डार्टमूरचा फार मोठा भाग लिडफर्ड या एकाच पॅरिशमध्ये मोडत होता. लिडफर्ड पठाराच्या पश्चिम कडेला. पूर्वेकडच्या वस्त्यांवर कुणी वारलं, तर दफनासाठी प्रेत खांद्यावरून लिडफर्डच्या चर्चपर्यंत न्यावं लागे. तिथल्या लोकांनी एक्सेटरच्या बिशपांकडे गाऱ्हाणं नेलं. बिशप ब्रॉन्सकोम्ब यांनी 1260 मध्ये निकाल दिला, की दोन वस्त्यांच्या लोकांनी जवळच्या विडिकोम्बच्या चर्चमध्ये जावं. निकालात अंतर नमूद आहे. चांगल्या हवेत आठ मैल, आणि पावसावाऱ्यात नद्यांना वळसा घालून पंधरा. त्या जुन्या वाटेला आजही प्रेतवाट अशा अर्थाचं नाव आहे.

विडिकोम्बकडे जाणाऱ्या वाटेवर, डार्टमीट नावाच्या नदीसंगमाजवळच्या चढावर एक मोठा दुभंगलेला दगड आहे. त्याला शवपेटीचा दगड म्हणतात. चढ चढून दमलेले खांदेकरी पेटी त्यावर टेकवत आणि दम खात. दगडावर लहान लहान क्रूस आणि मृतांच्या नावांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. ज्यांना त्याचा इतिहास ठाऊक नाही त्यांना तो एक कातळ वाटेल. आपल्या खेड्यांतून स्मशानाच्या वाटेवर विसाव्याचा दगड असतो. तिरडी तिथे खाली ठेवतात, खांदे बदलतात. विसावा हा शब्द त्या डार्टमूरच्या दगडालाही चपखल बसेल.

अशा दगडांभोवती कथा जमल्या नाहीत तरच नवल. चाइल्ड नावाच्या एका शिकाऱ्याची कथा तिथे सांगतात. हिवाळ्यात शिकारीला गेलेला चाइल्ड बर्फाच्या वादळात सापडला. थंडीपासून वाचण्यासाठी त्यानं आपलाच घोडा मारला, त्याचं पोट फाडून आत शिरला, आणि तिथेच गोठून मेला. त्याचं मृत्युपत्र असं, की जे मला पुरतील त्यांना माझी जमीन मिळावी. टॅव्हिस्टॉकच्या साधूंना बातमी लागली, त्यांनी घाईनं प्रेत नेलं आणि जमीन मिळवली. कथा खरी मानायचं कारण नाही, पण साधूंच्या जमिनीच्या हव्यासाबद्दल लोकांना काय वाटे ते तिच्यातून कळतं. चाइल्डची समाधी म्हणून दाखवतात तो क्रूस फॉक्स टॉरच्या दलदलीच्या कडेला आहे. 1812 च्या सुमारास घर बांधणाऱ्या एका माणसानं तिथले घडीव दगड उचलून नेले. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस उरलेले दगड गोळा करून समाधी पुन्हा रचली गेली. आज आपण पाहतो ती ही दुसरी रचना.

युरोपात इतरत्रही वाटेवर क्रूस आहेत आणि त्यांचं प्रयोजन निराळं आहे. जर्मनीत आणि आसपासच्या देशांत प्रायश्चित्ताचे क्रूस म्हणून ओळखले जाणारे हजारो दगड आहेत. मध्ययुगात एखाद्याच्या हातून खून झाला, की पुष्कळदा दोन्ही घराण्यांत लेखी समेट होई. मारणाऱ्यानं मृताच्या कुटुंबाला पैसे द्यायचे, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करवायच्या, चर्चला मेण द्यायचं, कधी तीर्थयात्रेला जायचं, आणि जिथे खून पडला तिथे दगडी क्रूस उभारायचा. अशा काही क्रुसांवर कुऱ्हाड, सुरी, तलवार कोरलेली दिसते. पाचव्या चार्ल्स सम्राटानं 1532 मध्ये फौजदारी कायद्याची संहिता आणली, खुनाचा न्याय सरकारच्या हातात गेला, आणि ही समेटाची रीत मागे पडली. तो क्रूस त्या जागी होता म्हणून सूडाचं चक्र थांबत असे. मारणारा आणि मेलेल्याचे भाऊ रोज त्याच वाटेनं जात, आणि झालेला समेट त्यांच्या डोळ्यांसमोर उभा असे.

इंग्लंडमध्ये राजघराण्यानंही क्रूस उभारले. पहिल्या एडवर्डची राणी एलिनॉर 1290 मध्ये लिंकनजवळच्या हार्बी गावी वारली. तिचं शव लंडनला नेताना जिथे जिथे मुक्काम पडला तिथे राजानं नक्षीदार क्रूस बांधवले. एकूण बारा. त्यातले तीन उरले आहेत, गेडिंग्टन, हार्डिंगस्टोन आणि वॉल्थम इथे. शेवटचा लंडनच्या चेरिंग नावाच्या वस्तीत होता, म्हणून त्या जागेला चेरिंग क्रॉस हे नाव पडलं. मूळ क्रूस 1647 मध्ये पाडला गेला. आज त्या नावाच्या रेल्वे स्टेशनासमोर जो आहे तो 1865 चा. तरी लंडनपासूनची अंतरं आजही चेरिंग क्रॉसच्या मूळ जागेपासूनच मोजतात. क्रूस गेला, पण जागेनं आपलं काम सोडलं नाही.

तो पाडला का गेला? इथून या दगडांच्या वनवासाची गोष्ट सुरू होते. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीनं रोमच्या पोपशी संबंध तोडला आणि देशभरचे मठ बरखास्त केले. बकफास्ट, टॅव्हिस्टॉक आणि बकलंड हे तिन्ही मठ 1539 मध्ये बंद झाले. बकलंडचा मठ तर पुढे दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकचं राहतं घर बनला. साधू गेले, तशा त्यांच्या वाटाही ओस पडत गेल्या. नव्या पंथाच्या कडव्या लोकांना वाटेवरच्या क्रुसापुढे गुडघे टेकणं ही मूर्तिपूजा वाटू लागली. ऑगस्ट 1643 मध्ये, राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं युद्ध चालू असताना, पार्लमेंटनं फर्मान काढलं की चर्चमधले आणि उघड्या जागेवरचे सगळे क्रूस काढून टाकावेत. पुष्कळ क्रूस फोडले गेले, काहींचे हात तोडले, काही नुसतेच आडवे पाडले. डार्टमूर दूर आणि आडवळणी, म्हणून तिथले बरेच वाचले.

जे पडले त्यांचं काय झालं, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. खेडूत माणूस चांगला घडलेला दगड वाया जाऊ देत नाही. क्रुसाचा लांब दांडा शेताच्या फाटकाला खांब म्हणून उत्तम. मग हात छाटून टाकायचे, बिजागरीसाठी दोन भोकं पाडायची. ओढ्यावर आडवा टाकला की साकव झाला. कॉर्नवॉलमधल्या मायलर गावच्या चर्चची 1870 मध्ये दुरुस्ती चालली होती. भिंतीला टेकू म्हणून लावलेला एक लांबलचक दगड काढला, तर तो उलटा रोवलेला क्रूस निघाला! सतरा फुटांहून लांब. आज तो तिथेच अंगणात सरळ उभा आहे आणि त्याचा बराच भाग जमिनीत आहे.

काही क्रुसांना जागेवरच नवं काम मिळालं. पोस्टब्रिजहून मोरटनहॅम्पस्टेडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला बेनेट्स क्रॉस नावाचा ओबडधोबड क्रूस आहे. त्यावर डब्ल्यू आणि बी ही अक्षरं कोरलेली आहेत. ती सशांच्या रानाच्या हद्दीची खूण. तिथे मांसासाठी आणि कातडीसाठी ससे पाळत. कथलाच्या खाणींची हद्दही तिथून जात होती, पॅरिशचीही जाते. टॅव्हिस्टॉक ते ॲशबर्टन या जुन्या वाटेवर तर पुढच्या काळात दुसरेच दगड आले. एका बाजूला टी, दुसऱ्या बाजूला ए, बस्स. 1697 मध्ये इंग्लंडात कायदाच झाला, की रस्ते जिथे फुटतात तिथे दिशादर्शक खांब उभारावेत. वाटसरूला प्रार्थनेची आठवण करून देणं आता दगडाचं काम राहिलं नाही. त्यानं फक्त गावाचं नाव सांगावं, एवढीच अपेक्षा उरली.

एकोणिसाव्या शतकात या दगडांना चाहते भेटले. विल्यम क्रॉसिंग हा डेव्हनचा माणूस जन्मभर डार्टमूर पायी तुडवत राहिला. मेंढपाळ, खाणकामगार, दगड फोडणारे यांच्याशी बोलून त्यानं एकेक क्रूस शोधला आणि त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. कॉर्नवॉलसाठी हेच काम आर्थर लँगडननं केलं. त्याचं पुस्तक 1896 चं. तिथे आज चारशेहून अधिक जुने दगडी क्रूस मोजले जातात. पुष्कळांचं डोकं चाकासारखं गोल आणि त्यावर क्रूस उठवलेला. 1882 मध्ये ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला. 1883 मध्ये डार्टमूरच्या रक्षणासाठी स्थानिक लोकांची संस्था निघाली. सिवर्डचा क्रूस त्या शतकाच्या मध्याला पडून मोडला होता. 1848 मध्ये तो लोखंडी पट्ट्या घालून सांधला. त्या पट्ट्या आजही दिसतात.

पण इथेच एक अवघड प्रश्न निर्माण झाला, आणि त्यासाठीच मी हा विषय निवडला. क्रूस वाचवायचे म्हणजे काय करायचं? त्या काळच्या अनेक धर्मगुरूंनी आणि जमीनदारांनी चांगल्या मनानं केलेला उपाय असा, की शेतात, ओढ्यात पडलेला क्रूस गाडीत घालून आणायचा आणि चर्चच्या आवारात किंवा आपल्या बागेत उभा करायचा. दगड सुरक्षित झाला. गुरं त्याला अंग घासणार नाहीत, कुणी तो फोडून भिंतीत घालणार नाही. पण तो कुठून आणला याची नोंद प्रत्येकानं ठेवली असं नाही. आणि वाटेवरचा क्रूस वाटेवरून उचलला की त्याचं निम्मं म्हणणं तिथेच राहतं. तो कुठली वाट दाखवत होता? कुठली हद्द सांगत होता? पुढचा क्रूस कुठल्या दिशेला होता? हे दगडावर कधीच कोरलेलं नसतं. ते त्याच्या जागेत असतं. चर्चच्या आवारातले असे काही क्रूस आज स्वच्छ आहेत, सुंदर आहेत, आणि मुके आहेत.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. दगड जागेवर ठेवला तर त्याची राखण कोण करणार? घरापुढच्या बागेत जुना ग्रॅनाइट मांडण्याची हौस वाढली, तशा डार्टमूरवरच्या जुन्या दगडी वस्तू चोरीला जाऊ लागल्या. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या उद्यान प्रशासनानं यावर एक उपाय केला. क्रुसासारख्या दगडांत बारीक छिद्र पाडून त्यात इलेक्ट्रॉनिक चिप बसवली. पाळीव कुत्र्यामांजरांना बसवतात तशीच. दगड चोरीला जाऊन कुठे विकायला आला, तर यंत्र फिरवून तो कुठला हे सांगता यावं. देवाच्या धाकानं जो दगड पाचशे वर्षं हलला नाही, त्याला जागेवर ठेवायला आज चिप लागते. पण उपाय शहाणपणाचा आहे, कारण चिपवरून मुख्यतः एकच गोष्ट कळते, ती म्हणजे हा दगड कुठला.

आपला या सगळ्याशी काय संबंध, असं कुणी विचारील. मुंबईच्या गावठाणांत, वांद्र्यासारख्या ठिकाणी, गल्लीच्या तोंडाशी क्रूस दिसतात. त्यातले बरेच 1896 मध्ये सुरू झालेल्या प्लेगच्या साथीच्या दिवसांत उभारलेले आहेत. ते मध्ययुगीन नाहीत, पण जागेशी त्यांचं नातं तसंच आहे. साथीच्या काळात ती गल्ली कशी जगली, हे तो क्रूस तिथे आहे म्हणून कळतं. आणि खऱ्या अर्थानं मध्ययुगीन म्हणाल, तर आपले वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला सूर्यचंद्र. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ तर त्यांवर कोरलेल्या लढाऊ गलबतांमुळे प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्राच्या लोकदैवतांचा जन्मभर अभ्यास करणारे जर्मन विद्वान गुंथर सोन्थायमर यांनी कर्नाटकातले अभ्यासक एस. शेट्टर यांच्याबरोबर 1982 मध्ये अशा स्मारकशिळांवर एक मोठा ग्रंथ संपादित केला. तो वाचला की ध्यानात येतं, की हे दगड गावाच्या इतिहासाची पानं आहेत.

वीरगळांचंही तेच होतं, जे क्रुसांचं झालं. कुठे धुणं धुवायला, कुठे पायरीला. कुठे शेंदूर फासून त्याचा देव झाला, आणि म्हणूनच तो टिकला. अलीकडे गावोगावची तरुण मुलं उत्साहानं हे दगड शोधतात, स्वच्छ करतात. मला याचं मोठं कौतुक आहे. पण पुष्कळदा ते उचलून मंदिराच्या आवारात एका रांगेत, सिमेंटच्या चौथऱ्यावर पक्के करतात. गोधन पळवणाऱ्यांशी लढताना ज्या बांधावर कुणी पडला, त्या बांधावरचा दगड आता इतर दहा दगडांच्या शेजारी उभा राहतो. दहा वर्षांनी हा कुठल्या शिवारातला, हे सांगणारं कुणी उरत नाही.

दगड कधीच हलवू नयेत असं मी म्हणत नाही. रस्ता रुंद होतो, धरण होतं, घर बांधायला काढलं जातं. तेव्हा हलवल्यावाचून गत्यंतर नसतं. पण हलवण्यापूर्वी करायच्या गोष्टी अगदी थोड्या आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. दगड जागेवर असताना त्याचे चारही बाजूंनी फोटो काढा; त्यात मागचा डोंगर, ओढा, झाड दिसू द्या. दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते टिपून घ्या. गट नंबर लिहा. आता तर खिशातला मोबाइल अक्षांश-रेखांशही सांगतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्या शिवारातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, की या दगडाला काय म्हणता, इथून पूर्वी कुठली वाट जायची. क्रॉसिंगनं मेंढपाळांना विचारलं म्हणूनच त्याच्या पुस्तकाला मोल आलं. हे सगळं एका कागदावर लिहून त्याच्या प्रती ग्रामपंचायतीत, शाळेत आणि जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयात ठेवा. मग दगड कुठेही उभा केला तरी त्याचा पत्ता हरवणार नाही.

डेव्हनच्या रस्त्यांवर आजही तिठ्याचौकांना नावं आहेत, आणि त्यातल्या अनेकांच्या शेवटी क्रॉस हा शब्द येतो. इंग्रजीत या एकाच शब्दानं क्रूसही कळतो आणि रस्ते एकमेकांना छेदतात ती जागाही. पाटीवरच्या नावामागे एके काळी दगड होता, की नुसताच चौक, हे प्रत्येक ठिकाणी शोधून काढावं लागतं. मुंबईत सायन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेचं मराठी नाव शीव आहे. ती बेटाची शीव होती, म्हणून शीव. तिथून रोज लाखो माणसं जातात. त्यातल्या किती जणांना हे आठवत असेल? आपल्या गावची शीव कुठे होती, तिच्यावर कुठला दगड होता, हे सांगणारं घरात कुणी असेल, तर त्यांना या आठवड्यातच विचारा. आणि ते जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा.